मुदत संपली म्हणून हक्क संपला काय?

(पेठ वडगाव येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



पेठ वडगावसारख्या बाजाराच्या गावी इंटरनेटवरील नावांचा प्रश्न चर्चेस घ्यावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. उसाचा दर, पाण्याचे वाटप, शाळांतील रिकाम्या जागा हे प्रश्न दाराशी उभे असताना संगणकावरील नावांची चिंता कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या गावाच्या नावातच पेठ आहे, जेथे सोमवारचा बाजार भरतो आणि जनावरांचे सौदे होतात, त्या गावाला लिलाव म्हणजे काय, दलाली म्हणजे काय, आणि माल एकाचा व नफा दुसऱ्याचा हा व्यवहार कसा चालतो, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. ज्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे तो याच जातीचा आहे. येथे विकला जाणारा माल म्हणजे नाव, आणि ज्याचे नाव विकले जाते त्याला पुष्कळदा विक्री झाल्याचीही वार्ता नसते.

हा परिसर या तंत्राला अनोळखी नाही. १९९८ साली केंद्र सरकार, महाराष्ट्र शासन आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. देशातील अनेक शहरांनी इंटरनेटचे नावही ऐकले नव्हते, तेव्हा वारणाकाठचा ऊस उत्पादक गावच्या केंद्रात जाऊन आपल्या उसाची नोंद पाहू लागला. पुढे ते संगणक जुने झाले आणि काही गावांत त्यांची जागा मोबाइलवरील संदेशांनी घेतली. परंतु त्यानंतरच्या काळात शाळा, महाविद्यालये, दूधसंस्था, पतसंस्था, वाचनालये, ग्रामपंचायती यांनी इंटरनेटवर आपापली नावे घेतली. ती पत्रिकांवर छापली, पावत्यांवर छापली, दारावरच्या फलकावर रंगवली. ही नावे आपल्या मालकीची झाली, असे या संस्थांनी गृहीत धरले. येथेच पहिली गफलत झाली.

इंटरनेटवरील नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते विकत मिळत नाही. ते खंडाने मिळते. एका वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत त्याची नोंद करता येते आणि मुदत संपण्यापूर्वी पुन्हा शुल्क भरावे लागते. या व्यवस्थेच्या शिरोभागी आयकॅन ही १९९८ साली अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात स्थापन झालेली संस्था आहे. तिच्याखाली प्रत्येक वर्गाच्या नावांचे मूळ दप्तर सांभाळणारी संस्था असते. डॉट कॉमचे दप्तर व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे. डॉट इनचे दप्तर भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या छत्राखालील निक्सी या ना-नफा कंपनीकडे आहे. दप्तराच्या खाली नोंदणी कंपन्या, आणि त्यांच्याही खाली त्यांचे उपदलाल. संकेतस्थळ बनवून देणारा तरुण बहुधा या शेवटच्या पायरीवर असतो, आणि गावची संस्था त्याच्याही खाली असते.

ही उतरंड पाहिली की जुन्या जमीनव्यवस्थेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. वर जमीनदार, मध्ये खोत, त्याच्याखाली कूळ. कसायचे कुळाने, खंड भरायचा कुळाने, आणि एक हप्ता चुकला की बाहेर व्हायचेही कुळानेच. महाराष्ट्राने या अन्यायाविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. १९४८ च्या कुळकायद्याने जमीनमालकाच्या मनमानीला बांध घातला. खंड थकला म्हणून कूळ काढावयाचे तर तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि त्या मुदतीत कुळाने चूक दुरुस्त केली तर प्रश्न मिटतो. प्रकरण मामलेदारापुढे गेले तरी कलम २५ प्रमाणे थकबाकी व खर्च पंधरा दिवसांत भरण्याची संधी कुळाला मिळते, आणि ती घेतल्यास त्याची वहिवाट कायम राहते. जो वर्षानुवर्षे राबला त्याचे राबणे एका चुकलेल्या हप्त्याने पुसले जात नाही, हे या कायद्यामागचे न्यायाचे तत्त्व आहे. इंटरनेटवरील नावाचे कूळ मात्र अजून या तत्त्वाबाहेर उभे आहे.

नावाची मुदत संपली म्हणजे काय होते, ते क्रमाने पाहिले पाहिजे. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या नावांसाठी आयकॅनचे काही नियम २०१३ च्या ऑगस्टअखेरीपासून लागू आहेत. त्यांनुसार नोंदणी कंपनीने मुदतीपूर्वी सुमारे एक महिना आणि सुमारे एक आठवडा अशा दोन सूचना द्यावयाच्या, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. मुदत संपल्यानंतर शून्य ते पंचेचाळीस दिवसांपर्यंतचा एक काळ असतो, त्यात कंपनीच्या मर्जीनुसार नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण होऊ शकते. त्यानंतर नाव दप्तरातून काढण्यास निघाले तर तीस दिवसांचा सोडवणुकीचा काळ मिळतो. परंतु तेव्हा वार्षिक शुल्काच्या अनेक पट दंड भरावा लागतो. शेवटी पाच दिवस नाव गोठवलेले असते आणि मग ते सर्वांसाठी मोकळे होते. कागदावर हा हिशेब ऐंशी दिवसांपर्यंत जातो. तो वाचून कोणासही वाटावे की कुळाला सवलत पुरेशी आहे.

प्रत्यक्षात मधल्यामध्ये एक चोरवाट ठेवलेली आहे. सोडवणुकीचे तीस दिवस मिळतात ते नाव दप्तरातून काढले गेले तरच. पण मोलाचे नाव दप्तरातून काढावयाचे कशाला? नाव नोंदवताना ज्या लांबलचक करारावर न वाचता संमती दिली जाते, त्यातच बहुधा एक कलम असते की मुदत संपल्यावर कंपनीला ते नाव दुसऱ्याच्या नावे करता येईल. या कलमाच्या आधारे पहिल्या पंचेचाळीस दिवसांतच नावाचा लिलाव पुकारला जातो. बोली लागली, पैसे भरले गेले, की नाव सरळ नव्या माणसाच्या खात्यावर चढते. ते दप्तरातून निघालेच नाही, म्हणून सोडवणुकीचे तीस दिवसही सुरू झालेच नाहीत. ज्या नावाला कोणी विचारत नाही त्याला पूर्ण सवलत, आणि ज्याला किंमत आहे त्याची सवलत आधीच संपुष्टात, अशी ही उलटी तऱ्हा आहे.

या लिलावात येणारी किंमत कोठून आली, हा खरा प्रश्न आहे. नावाची मूळ फी सर्वांना जवळपास सारखीच असते. दहा वर्षांपूर्वी हजार रुपयांच्या आत घेतलेल्या नावाला आज कोणी पन्नास पट बोली लावतो, तो त्या अक्षरांसाठी लावत नाही. दहा वर्षे लोक त्या पत्त्यावर येत राहिले, इतर संकेतस्थळांनी त्याचा उल्लेख केला, शोधयंत्रांनी त्याला विश्वासार्ह मानले, पालकांनी तेथे निकाल पाहिले, सभासदांनी तेथे अर्ज भरले. हे मोल शिक्षकांच्या, कारकुनांच्या, कार्यकर्त्यांच्या श्रमातून साठलेले असते. नोंदणी कंपनीने त्यात वर्षाकाठी एक ओळ दप्तरात ठेवण्यापलीकडे काही घातलेले नसते. तरीही लिलावाचे पैसे तिच्याकडे जातात आणि ज्याने मोल निर्माण केले त्याला त्यातला एक पैसाही मिळत नाही. दुसऱ्याच्या श्रमाचे वाढीव मूल्य गिळंकृत करण्याचा इतका उघडा नमुना आजच्या काळात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

याची तुलना आपल्याच कायद्यांशी करून पाहावी. सोने किंवा भांडे गहाण ठेवले, कर्ज फिटले नाही आणि सावकाराने गहाण विकले, तर कर्ज वजा जाता जी रक्कम उरते ती गहाण ठेवणाऱ्याला परत करणे सावकारावर बंधनकारक आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १७६ मध्ये हे स्वच्छ लिहिले आहे, आणि तो कायदा १८७२ सालचा, इंग्रजांच्या अमदानीतला आहे. बाजार समितीचे पाहा. शेतमालाचा लिलाव उघड व्हावा, वजन चोख व्हावे, अडत्याने ठरलेली अडत घ्यावी आणि बाकीची रक्कम हिशेबपट्टीसह शेतकऱ्याच्या हाती द्यावी, यासाठीच तर बाजार समित्यांचा कायदा झाला. अडत्यानेच मालावर हक्क सांगावा, त्यानेच लिलाव पुकारावा आणि सगळी पट्टी त्यानेच खिशात घालावी, असे वडगावच्या बाजारात कोणी केले तर शेतकरी त्याला यार्डाबाहेर काढतील. नावांच्या बाजारात मात्र हेच उद्योगाचे कौशल्य म्हणून मिरवले जाते.

जी नावे लिलावात जात नाहीत आणि शेवटी मोकळी होतात, त्यांच्या बाबतीत तरी समान संधी आहे काय? नियम सांगतो की पहिला येईल त्याला नाव मिळेल. रांगेचा हा नियम ऐकावयास समतेचा वाटतो. परंतु नाव मोकळे होण्याच्या क्षणी यंत्रे दप्तराच्या दारावर धडका देत असतात, आणि दारावर किती धडका देता येतील हे नोंदणी परवान्यांच्या संख्येवर ठरते. म्हणून या धंद्यातील काही कंपन्यांनी वेगवेगळ्या नावांनी शेकडो परवाने घेऊन ठेवले. आयकॅनच्या एका परवान्याचे वार्षिक शुल्कच चार हजार डॉलर आहे. रेशनच्या रांगेत एका धनिकाने आपली शंभर माणसे उभी करावीत आणि मग रांग सर्वांना सारखीच आहे असे सांगावे, त्यातला हा प्रकार. गावच्या वाचनालयाचा चिटणीस आपले हरवलेले नाव परत घेण्यासाठी रात्रभर जागला तरी या शर्यतीत तो सुरूही होण्यापूर्वी हरलेला असतो.

या टीकेवर एक उत्तर नेहमी दिले जाते. ज्याने वेळेवर पैसे भरले नाहीत त्याने परिणाम भोगावेत; सूचना मिळाल्या होत्या, चूक त्याची. व्यक्तीने आपली जबाबदारी पाळावी हे तत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु सूचना कोणाला मिळाल्या हे तपासले पाहिजे. खेड्यातील संस्थेचे नाव बहुधा एखाद्या हुशार विद्यार्थ्याने किंवा स्थानिक दुकानदाराने आपल्या ईमेलवर आणि आपल्या कार्डावर घेतलेले असते. तो पुण्याला नोकरीला गेला, दुकान बंद झाले, ईमेल बदलला. सूचना जुन्या पत्त्यावर पडून राहतात. काही संस्थांचा ईमेल त्याच नावावर चालतो, मग नाव थांबताच ईमेलही थांबतो आणि मुदत संपल्यानंतरची सूचना ज्या पेटीत यावयाची ती पेटीच बंद होते. सूचना पाठवली याचा पुरावा कंपनीपाशी असतो, ती पोहोचली की नाही याची जबाबदारी कोणावरच नसते.

चूक केवळ अडाण्यांच्या हातून होते असेही नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीने आपल्या एका महत्त्वाच्या नावाचे पैसे भरावयाचे विसरले आणि हॉटमेल वापरणाऱ्या असंख्य लोकांना नाताळच्या सुमारास आपला ईमेल उघडता येईना. अखेर अमेरिकेतील एका प्रोग्रामरने आपल्या खिशातून पस्तीस डॉलर भरले आणि सेवा सुरू झाली. कंपनीचे नाव कंपनीकडेच राहिले. विसर सर्वांनाच पडतो. बड्यांच्या विसरण्यापाठी वकील, कर्मचारी आणि पैसा उभा असतो, लहानांच्या विसरण्यापाठी लिलाव उभा असतो, एवढाच काय तो भेद.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. नावांची मुदत कधीच संपू नये असे म्हटले तर नावे अडवून बसणाऱ्या सट्टेबाजांचेच फावेल. हे खरे आहे. पड जमीन कसणाऱ्याला मिळाली पाहिजे असे मानणारा पक्ष नावे कुजवत ठेवण्याचे समर्थन करू शकत नाही. मुदत असावी, आणि न वापरलेले नाव मोकळेही व्हावे. परंतु ज्याचा वापर कालपर्यंत चालू होता ते नाव आणि जे कोणी कधी वापरलेच नाही ते नाव, या दोहोंना एकाच दोरीने बांधणे अन्यायाचे आहे. आणि आजच्या व्यवस्थेत नाव सुटते ते कसणाऱ्याकडे जात नाही. ते पुष्कळदा जाहिरातींची पाने, जुगाराची दुकाने आणि फसवणुकीचे सापळे मांडणाऱ्यांकडे जाते, कारण जुन्या विश्वासाला सर्वांत जास्त भाव तेच देऊ शकतात. शाळेच्या पत्त्यावर सट्ट्याचे पान उघडते, तेव्हा त्या शाळेची अब्रू विकली गेलेली असते, आणि विक्रीचे पैसे भलत्याच्याच खिशात असतात.

हा धोका दूरचा नाही. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना आपली संकेतस्थळे बँक डॉट इन या राखीव वर्गाखाली ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नेण्याचा आदेश दिला. नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या, आणि देशातील नागरी सहकारी बँकांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. ही नवी नावे फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापलेल्या संस्थेकडून मिळतात. बँक नसलेल्या कोणालाही ती घेता येत नाहीत. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु त्याची दुसरी बाजू ध्यानात घेतली पाहिजे. बँक नव्या घरात गेली तेव्हा जुने घर रिकामे झाले. जुना पत्ता हजारो पासबुकांवर, कॅलेंडरांवर, ठेवीदारांच्या स्मरणात आहे. आता कशाला त्याचे पैसे भरायचे, असे एखाद्या संचालक मंडळाने ठरवले, तर मुदत संपताच ते नाव बाजारात येईल. ज्याने ते घेतले त्याला बँकेसारखे दिसणारे एक पान उभे करावयास एक दिवसही लागणार नाही, आणि त्यात बळी पडेल तो आयुष्यभराची शिल्लक ठेवलेला निवृत्त शिक्षक किंवा सूतगिरणीतला कामगार. पतसंस्थांची स्थिती तर याहून नाजूक आहे, कारण त्या बँका नसल्यामुळे त्यांना बँक डॉट इनचे संरक्षणही नाही.

न्यायालयांनी या नावांचे मोल पूर्वीच ओळखले आहे. १९९९ साली रेडिफच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डोमेन हे केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाप्रमाणेच संरक्षणास पात्र आहे असे मानले. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. परंतु या निर्णयांचा आधार व्यापाराची प्रतिष्ठा हा आहे. ज्याच्यापाशी व्यापारचिन्ह आहे आणि वकिलाची फी आहे, त्याला दाद मिळते. जिल्हा परिषदेच्या शाळेपाशी, वाचनालयापाशी, कामगार संघटनेपाशी व्यापारचिन्ह कोठून असणार? त्यांची प्रतिष्ठा व्यापाराची नसून सेवेची आहे, आणि सेवेच्या प्रतिष्ठेला या व्यवस्थेत स्थान नाही.

ही व्यवस्था ईश्वरदत्त नाही, माणसांनी घडवलेली आहे. १९९५ पर्यंत अमेरिकेतही ही नावे विनामूल्य मिळत. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीला दोन वर्षांसाठी शंभर डॉलर आकारण्याची मुभा तेथील सरकारी यंत्रणेने दिली. जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या जाळ्यावर बसवलेले हे टोलनाके होते. पाचच वर्षांनी, २००० साली, व्हेरिसाइनने ती कंपनी सुमारे एकवीस अब्ज डॉलरच्या सौद्यात घेतली. डॉट कॉमच्या एका नावामागील व्हेरिसाइनचा वार्षिक आकार सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलरवर गेला. अशी नावे पंधरा कोटींहून अधिक आहेत, आणि मिळकतीतून चालू खर्च वजा जाता साठ टक्क्यांहून अधिक नफा कंपनीच्या हाती उरतो. स्पर्धेच्या गुणगानात वाढलेल्या या व्यवसायाच्या मुळाशी अशी निखळ मक्तेदारी आहे.

आणि जी व्यवस्था माणसांनी घडवली ती माणसांनी बदललीही आहे. काही वर्षांपूर्वी नाव घेतल्यापासून पाच दिवसांत परत केल्यास पूर्ण पैसे मिळत. त्याचा गैरफायदा घेऊन सट्टेबाज लाखो नावे पाच-पाच दिवस फुकट वापरत आणि जाहिरातीचे उत्पन्न येईल तेवढीच ठेवत. २००८-०९ मध्ये आयकॅनने अशा परतीवर मर्यादा व शुल्क लावले, आणि या प्रकारात ९९ टक्क्यांहून अधिक घट झाली. बाजाराचे नियम निसर्गनियम असतात असे सांगणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरेसे आहे. सेवाभावी संस्था ज्याखाली नावे घेतात त्या डॉट ऑर्गचे दप्तर १.१३५ अब्ज डॉलरना एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा घाट नोव्हेंबर २०१९ मध्ये घातला गेला. जगभरच्या संस्थांनी विरोधाचे रान उठवले आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनला त्या विक्रीस संमती नाकारावी लागली. ब्रिटनच्या डॉट यूकेचे दप्तर सांभाळणाऱ्या नॉमिनेट या सभासदांच्या संस्थेत शुल्कवाढ, अधिकाऱ्यांचे पगार आणि लोकोपयोगी कामावरील घटता खर्च यांवरून असंतोष माजला, आणि २२ मार्च २०२१ च्या विशेष सभेत सभासदांनी बहुमताने अध्यक्षालाच पायउतार केले. कॅनडात तर मुदत संपलेल्या डॉट सीए नावांची यादी मोकळी होण्यापूर्वी जाहीर केली जाते आणि ती आठवड्यातील ठरलेल्या वेळी सोडली जातात. म्हणजे निदान काय सुटणार आणि केव्हा, हे तरी सर्वांना आधी कळते.

आपल्या देशात काम कोठून सुरू करावे, याचे उत्तर सरळ आहे. डॉट इनचे दप्तर जनतेचे आहे. १९८९ साली ते प्रथम मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेकडे आले. २००५ साली निक्सीने ते सर्वांसाठी खुले केले, आणि २०१४ मध्ये डॉट भारतच्या रूपाने मराठीतही नावे घेण्याची सोय झाली. आयकॅनचे मुदतीविषयीचे नियम देशांच्या स्वतःच्या वर्गांना लागू होत नाहीत. डॉट इनचे नियम आपणच करावयाचे आहेत. कॅलिफोर्नियाकडे बोट दाखवून येथील सरकारला हात झटकता येणार नाही.

म्हणून निक्सी व केंद्र सरकार यांच्यापुढे पाच मागण्या ठेवल्या पाहिजेत. पहिली, सोडवणुकीचा पूर्ण काळ संपेपर्यंत कोणत्याही नावाचा लिलाव वा हस्तांतर होऊ नये. दुसरी, शाळा, सहकारी संस्था, ग्रामपंचायती, नोंदणीकृत संघटना यांना ईमेलबरोबरच नोंदलेल्या पत्त्यावर टपालाने आणि मोबाइलवर भारतीय भाषेत सूचना मिळावी. तिसरी, सोडवणुकीच्या दंडाला कमाल मर्यादा असावी. थकबाकी आणि प्रत्यक्ष खर्च यापलीकडे काही घेता येऊ नये. चौथी, नाव लिलावात गेलेच तर थकबाकी व खर्च वजा जाता उरलेली रक्कम पूर्वीच्या धारकाला मिळावी, आणि तो सापडला नाही तर ती ग्रामीण शाळा व वाचनालयांच्या इंटरनेटसाठी असलेल्या सार्वजनिक निधीत जावी. पाचवी, बँका, पतसंस्था, रुग्णालये व शाळा यांनी सोडलेली नावे निदान दोन वर्षे कोणालाही दिली जाऊ नयेत. यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही. गहाणाच्या, कुळाच्या आणि बाजार समितीच्या कायद्यांत जे न्यायतत्त्व या देशाने केव्हाच मान्य केले, ते नावांना लागू करा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

परंतु मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसणे कार्यकर्त्यांना शोभणार नाही. आपापल्या गावातील प्रत्येक सार्वजनिक संस्थेचे नाव कोणाच्या नावावर आहे, सूचना कोणाच्या ईमेलवर जातात आणि मुदत केव्हा संपते, याची यादी करावी. ते नाव व्यक्तीच्या खात्यातून काढून संस्थेच्या खात्यावर आणण्याचा ठराव कार्यकारिणीत करून घ्यावा. मुदतीची तारीख वीजबिल आणि घरपट्टीप्रमाणे दप्तरात लिहिली जावी आणि वार्षिक सभेच्या अहवालात वाचली जावी. शक्य तेथे एकदम पाच वा दहा वर्षांचे शुल्क भरावे. सूचनेसाठी दिलेला ईमेल त्याच नावावरचा नसावा. आणि ज्या सहकारी बँकेत आपली ठेव आहे तिच्या वार्षिक सभेत उभे राहून विचारावे, की जुन्या पत्त्याचे शुल्क भरत राहण्याचा निर्णय संचालक मंडळाने केला आहे काय. वर्षाला हजार-दीड हजार रुपयांचा हा प्रश्न आहे. तो वाचवून ठेवीदारांना वाऱ्यावर सोडण्याचा अधिकार कोणत्याही संचालकाला नाही.

कुळाला जमीन मिळाली ती कोणाच्या दयेने मिळाली नाही. गावोगाव सातबारा तपासणारे, कुळांची नावे लिहून घेणारे, तलाठ्याच्या दारात हेलपाटे घालणारे कार्यकर्ते होते, म्हणून कायदा कागदावरून बांधावर उतरला. नावांच्या बाबतीत तशी नोंदवही अजून कोणी उघडलेली नाही. हातकणंगले तालुक्यातील शाळा, पतसंस्था आणि वाचनालये यांच्यापासून ती उघडता येईल. त्यासाठी ना दिल्लीची परवानगी लागते, ना मोठा निधी. एक वही, चार कार्यकर्ते आणि येत्या महिन्यातील काही संध्याकाळी एवढे पुरेसे आहे.